लाल झाकणाची डबी

७ नोव्हेंबर

ताई,

पत्र वाचायच्या आधी तू डब्या उघडल्या असशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून आधी डब्यांचं सांगतो, बाकीचं मग.

पांढऱ्या झाकणाची डबी आईच्या हातांसाठी, लाल झाकणाची टाचांसाठी. दोन्ही आमच्या कारखान्यातल्या, मी स्वतः घोटलेल्या. दोन्हींत औषध एकच, युरिया. लगेच नाक मुरडू नकोस. "शेतात टाकतात तो?" असं सगळेच विचारतात, आणि विचारणारा चार बुकं जास्त शिकलेला असला तर "म्हणजे लघवीतला?" असंही विचारतो. तोच. पण हा कारखान्यात बनतो, साखरेसारखा पांढराशुभ्र, गोण्यांतून येतो. पाण्यात टाकला की पाणी गार पडतं. उन्हाळ्यात आम्ही मिक्सिंगवाले त्या पिंपाला गाल लावून उभे राहतो. आपल्या कातडीतही तो मुळात असतोच, ओल धरून ठेवायला. ज्यांचे हात जन्मभर सोड्यात बुडालेले, त्यांचा तो धुऊन जातो. आईचा एकतीस वर्षांत गेला.

आता नीट वाच. पांढऱ्या डबीत शंभरात दहा भाग युरिया आहे. तेवढा कातडीत पाणी टिकवतो. लाल डबीत शंभरात चाळीस. तेवढा झाला की तो मेलेली जाड कातडी मऊ करून सोडवतो. टाचेला तेच हवं असतं, हाताला ते चुकूनही नको. टाचेला लावलंस की आपले हात धुऊन टाक. उघड्या चिरेवर दोन्ही नकोत, फार झोंबेल. आणि झाकणांची अदलाबदल करू नकोस. आमच्याकडे टक्का झाकणाच्या रंगावरून ओळखतात, डबीवर काही लिहिलेलं नसतं.

झोपताना आईच्या हातांना लाव आणि वर सुती मोजे घाल. अंगठ्यांना जरा जास्त चोळ.

दोन वर्षं लिहिलं नाही. खोल्या विकायचं मी ज्या शब्दांत बोललो ते वाईट होतं, मला कळतं. ते आता सोडून दे. सध्या आईचे हात एवढंच डोक्यात आहे.

तुझा,
ढब्बू


१५ नोव्हेंबर

मलमवाल्या,

ढब्बू म्हणायला अजून जीभ वळत नाही, तेव्हा तूर्त हेच चालवून घे.

डब्या पोचल्या. पत्र आधी वाचलं, डब्या नंतर उघडल्या. दोन वर्षांत माणूस बदलतं, बघ.

पहिल्या दिवशी आईनं तुझ्या नावानं जी लाखोली वाहिली ती लिहीत नाही. उघड्या चिरेवर नको म्हणालास, पण तिच्या हाताला चीर नसलेली जागा दाखव, मी तिथे लावते! कारखान्यात बसून लिहायला काय जातं? शेवटी पाच दिवस नुसतं तेल लावून चिरा मिटवल्या आणि काल पांढरी डबी पुन्हा उघडली. काल झोंबलं नाही. आई मोजे घालून बसली होती आणि ते हात स्वतःचे नसल्यासारखी त्यांच्याकडे बघत होती.

तू तिचे हात शेवटचे कधी पाहिलेस? सिरपच्या कारखान्यात तिसऱ्या हौदावर उभं राहून तिनं जेवढ्या बाटल्या धुतल्या तेवढ्या आपल्या अख्ख्या गल्लीनं प्यायल्या नसतील. बोटांची टोकं चमच्याच्या पाठीसारखी गुळगुळीत झालीत. रेषा म्हणून नाही. डिसेंबर आला की पेन्शनच्या खिडकीवर हयातीचा दाखला द्यायला जावं लागतं. तिथे काचेवर अंगठा ठेवायचं मशीन आहे, आणि ते मशीन आईला ओळखत नाही. गेल्या वर्षी चार तास बाकावर बसवून ठेवलं. जितीजागती बाई समोर बसलेली आणि कारकून म्हणतो, आजी, तुमची ओळख पटत नाही. मी तिथे जो तमाशा केला तो तू पाहायला हवा होतास. शेवटी साहेबांनी सही केली, आईवर दया येऊन नव्हे, माझा घसा बसेना म्हणून.

माझे हात विचारले नाहीस, तरी सांगते. हॉस्पिटलच्या धुलाईत दिवसाला चारशे चादरी घडी करते. ब्लीचनं नखांच्या कडा उलतात. आईला लावून बोटांना उरतं तेवढं मला पुरतं.

पत्र लिहायचं असेल तर दोन अटी. फोन करायचा नाही. फोनवर तुझा आवाज चढतो, मग माझा चढतो, आणि आई मधल्या दारात येऊन उभी राहते. पत्रात निदान मध्ये दोन-चार दिवस जातात. दुसरी अट, खोल्यांचं नाव काढायचं नाही. कारखाना बंद झाला तेव्हा त्या आईला मिळाल्या, आईच्या नावावर आहेत, आणि कामावरून आल्यावर या दोन खोल्यांतच काय ते मला कुणी हुकूम सोडत नाही.

ताई


२२ नोव्हेंबर

ताई,

दोन्ही अटी मान्य. तू भांडलीस म्हणून जिवाला बरं वाटलं. गोडगोड लिहिलं असतंस तर काळजी वाटली असती.

तेल लावून चिरा मिटवल्यास ते योग्य केलंस, मलाच सुचायला हवं होतं. आम्ही टक्के मोजतो, माणसाचा हात आमच्यासमोर नसतो.

आता एक कर. आठवड्यातून एकदा आईचा अंगठा कोरडा पुसून आरशावर टेकव. आरसा उजेडाकडे तिरका धर. धुरकट ठसा उठेल, त्यात रेषा दिसतात का बघ. रेषा मेलेल्या नसतात. वरची कातडी सुकून सपाट होते, तिच्यात ओल आली की त्या पुन्हा वर येतात. रोज नेमानं लाव, महिनाभर तरी. आणि मला कळव. पांढरी डबी संपत आली की आधीच सांग, दुसरी पाठवतो.

इकडे ठीक आहे. मिक्सिंगमध्ये नवीन मशीन आलंय. गोणी एकीकडून ओतली की डबी दुसरीकडून झाकण लावून बाहेर. सात जणांपैकी चौघांना निरोप मिळाला. मी अजून आहे. तुझी भावजय म्हणते, अजून हा शब्द मी हल्ली फार वापरतो.

आईला सांग, हौदावर ती मला झाकणांच्या ढिगात बसवून रंग निवडायला लावायची. तीच विद्या आज पोट भरतेय.

ढब्बू


१३ डिसेंबर

ढब्बू,

हो, लिहिलं बाबा ढब्बू. आज तुला ते शोभून दिसतं.

काल आईला पेन्शनच्या खिडकीवर नेलं. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पाण्याची बाटली आणि खोकल्याच्या गोळ्या घेऊन. कारकून तोच. त्यानं आम्हाला पाहिलं आणि तोंड असं केलं की जणू दातच दुखतोय. आईनं काचेवर अंगठा ठेवला आणि हिरवा दिवा लागला. पहिल्याच खेपेला! कारकुनानं खात्री करायला दुसरा अंगठा ठेवायला लावला. पुन्हा हिरवा. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला, मी खरं सांगते. म्हणाला, "आजी, कुठल्या डॉक्टरांना दाखवलंत?" मी म्हटलं, हिचा मुलगाच डॉक्टरांच्या वरताण आहे.

मी रडले. का रडू नये? एकतीस वर्षांनी बाईला तिची बोटं परत मिळाली.  आई मात्र घरी येईपर्यंत अंगठा मुठीत मिटून बसली होती, बसमध्येसुद्धा.

आरशाचं तू सांगायच्या आधीपासूनच मी काचेवर बघत होते. दर रविवारी ठसा घ्यायचा, उजेडाला धरायचा. आधी नुसता डाग यायचा, मग कडेला दोन रेषा आल्या, आणि आता मधला भोवरासुद्धा मोजता येतो. संध्याकाळचा एक तास आम्हा दोघींचा झालाय. मी चोळते, ती हौदावरच्या गोष्टी सांगते. तिला वाचता येत नाही, पण डबी हातात घेतली की सांगते, ही पातळ, ही जाड, हीत दाणा जास्त. मी झाकणाचे रंग कशासाठी ते सांगितलं तर म्हणाली, मला नको शिकवूस, मुकादमानं मला झाकणांवरच नोकरीला घेतलं होतं.

पांढरी डबी खरवडून संपली, दुसरी पाठव. लाल तशीच पडून आहे, तिच्याकडे बघायला सवड कुणाला आहे?

एकदा येऊन जा. दोन वर्षांपूर्वीचं मी मनातून काढून टाकलंय. आईसाठी तू जे केलंस ते पोटच्या पोरानंच करावं.

ताई


१७ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. आता लिहितो ते वाचून रागावणार आहेस, तरी शेवटपर्यंत वाच.

दोन जानेवारीला सकाळी गाडी घेऊन येतोय. आईला नोंदणी कचेरीत न्यायचं आहे. खोल्यांना गिऱ्हाईक मिळालंय, वेळ ठरलीय. आईला सही येत नाही, म्हणून दोन्ही अंगठे मशीनवर लागतात. मागे एकदा चौकशी केली तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, ठसा उठत नसेल तर येऊच नका.

माझी जागा मार्चपर्यंतच आहे. आम्ही राहतो ती खोली कारखान्याची, नोकरी गेली की तीही जाते. एक घर बघून ठेवलंय, घेण्याची ही शेवटची वेळ आहे आणि दहा जानेवारीच्या आत हो-नाही सांगायचं आहे. आई माझ्याकडे येईल, तिला स्वतंत्र खिडकी असलेली खोली देईन. तुझा हिस्सा तुला मिळेल. हॉस्पिटलमध्ये बायकांसाठी राहायची सोय आहे असं तूच मागे म्हणाली होतीस.

आधी सांगितलं असतं तर तू डबी खिडकीतून फेकून दिली असतीस. खोटं बोललो नाही, सगळं सांगितलं नाही एवढंच. हात तर बरे झाले ना?

ढब्बू


२१ डिसेंबर

मलमवाल्या,

म्हणजे मलम आईसाठी नव्हतंच, मशीनसाठी होतं.

अंगठ्यांना जरा जास्त चोळ! मी मूर्ख, वाचून माझे डोळे भरून आले होते. म्हटलं पोराला आठवतंय, बाटली धरताना आईचा अंगठा सगळ्यात जास्त झिजायचा. महिनाभर मी तुझ्या गिऱ्हाइकासाठी आईचे अंगठे घासून लख्ख करत होते, लग्नाच्या आधी भांडी घासतात तसे. आणि तू तिकडे बसून विचारतोस, रेषा दिसतात का, कळव. कळवलं की मी, भोवऱ्यासकट!

तुझ्या फिया भरायला ती दुसऱ्या पाळीलाही हौदावर उभी राहायची, आठवतं? मला आठवीतून काढलं, तुला पुढे पाठवलं, त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. आज काढते. त्या रेषा तुझ्यापायी गेल्या. त्या परत आणल्यास तेही त्यांचा ठसा घेऊन तिचं छप्पर विकायला. असं करायला वाघाचं काळीज लागतं, आणि तुझ्याकडे ते कुठून आलं मला माहीत नाही, कारण लहानपणी तू झुरळाला घाबरायचास.

बायकांच्या सोयीचं लिहिलंस. एका खोलीत सहा खाटा, आणि पन्नाशी झाली की तीही सोय बंद. मी अठ्ठेचाळीसची आहे. बहिणीचं वय तरी नीट लक्षात ठेवायचं होतं.

ये दोन तारखेला. आईला मी अडवणार नाही. ती नाही म्हणेल, तुझ्या तोंडावर म्हणेल, आणि ते ऐकायला मी कामावर खाडा करून घरी थांबणार आहे.

ताई


३ जानेवारी

ताईस,

काल आई नाही म्हणाली नाही, हे तू पाहिलंसच. ठेवणीतले कपडे घालून, मी खालून हाक मारायच्या आधीच जिना उतरू लागली. तेव्हा तुझा चेहरा बघून मला वाटलं होतं, जिंकलो.

पुढचं तू पाहिलं नाहीस, म्हणून लिहितो. मशीननं चार वेळा लाल दिवा दाखवला. मग डावा अंगठा, पुन्हा लाल. कारकुनानं काच पुसली, आईचा अंगठा पुसला, भिंग घेऊन बघितलं. दोन्ही अंगठे गुलाबी, लहान मुलाच्या गालासारखे, सोललेले. एक रेष नाही. तो म्हणाला, "आजी, हात भाजले का कुठे?" आई म्हणाली, "नाही, मलम लावलंय. मुलाच्या कारखान्यातलं आहे." अख्खी रांग माझ्याकडे बघत होती.

ते काम कशाचं हे मला विचारू नकोस, आठ वर्षं मी तेच घोटतोय. चाळीस टक्के. वर फडकं गुंडाळून रोज लावलं आणि टाचा घासायच्या वजरीनं घासलं की दहा-बारा दिवसांत असंच होतं. पांढऱ्या डबीनं हे शंभर वर्षांत होणार नाही. घरात डब्यांना हात लावणारी तू एकटी. तुला माझा सूड घ्यायचा होता तर माझ्यावर घ्यायचास, बहात्तर वर्षांच्या बाईची बोटं सोलायची नव्हती.

आणखी एक. कारकून कागद चाळताना म्हणाला, "या खोल्यांवर अजून एक अर्ज दिसतोय. बक्षीसपत्र, मुलीच्या नावे, सहा जानेवारी." अर्जाची तारीख अठरा नोव्हेंबर. माझी डबी पोचून दहा दिवसही झाले नव्हते. खोल्यांचं नाव काढायचं नाही अशी अट घालून तीन दिवसांनी तू कचेरीत जाऊन आलीस. मी सांगायच्या आधीपासून काचेवर ठसे का बघत होतीस ते आता कळलं. वा ताई. वाघाचं काळीज शोधायला लांब जायला नको होतं.

डॉक्टरांचा दाखला आणून पुन्हा वेळ घ्यायला दोन महिने लागतील. माझी मुदत दहा तारखेला संपते. घर गेलं. तुझं सहा तारखेचं काम तरी कसं होतं बघू.

भाऊ


९ जानेवारी

ढब्बू,

कबूल. बक्षीसपत्राचा कागद माझ्या गादीखाली होता.

तू दोन वर्षांपूर्वी बोललास तेव्हापासून रोज कामावरून येताना मला वाटायचं, आज दाराला दुसरंच कुलूप असेल. आईनंतर तू मला बाहेर काढणार याची मला खात्री होती, आणि तुझं सतरा तारखेचं पत्र वाचून ती खोटी नव्हती हेही कळलं. आईच्या अंगठ्याला रेषा नव्हत्या तोवर इलाज नव्हता. तुझी डबी आली आणि मला वाट दिसली. तुला जेवढं बोलले तेवढं सगळं मलाही लागू आहे. खिडकीवर मी रडले ते आईसाठीच, पण निम्मंच. उरलेलं निम्मं कशासाठी होतं ते आता तुला माहीत आहे.

पण लाल डबीला मी हात लावलेला नाही, आणि तुझं सतरा तारखेचं पत्र आल्यापासून आई पांढरीही स्वतःच लावून मोजे घालून बसायची, म्हणून अंगठे मला दिसलेच नाहीत. माझ्या कामाची शपथ. जरा डोकं चालव, मी तुझं काम बिघडवायला आईचे अंगठे सोलले असते तर चार दिवसांनी माझं कसं झालं असतं? सहा तारखेला मी तिला घेऊन गेले होते. तोच कारकून, तेच भिंग. त्यानं मला ओळखलं नाही, पण अंगठा ओळखला. म्हणाला, "परवा मुलगा, आज मुलगी. आजींना जरा घरी बसू द्या." आयुष्यात पहिल्यांदा मला खिडकीवर भांडता आलं नाही.

तू दोन तारखेला आईला सोडून गेलास तेव्हा मला वाटलं, पांढऱ्या झाकणाखाली कुठलं मलम पाठवलंस कोण जाणे, तुझीच काही गफलत असेल. काल फडताळातून ती लाल डबी काढली. निम्मी संपलीय. आणि मलमात खड्डे आहेत, गोल गोल, दोन अंगठ्यांच्या मापाचे. पलंगाखाली वजरी आणि गुंडाळायची फडकी सापडली, धुऊन, नीट घडी घालून ठेवलेली. आपल्या घरात अशी घडी मी घालत नाही, मी हॉस्पिटलची घालते. ही आईची.

मी डबी तिच्यासमोर ठेवली. विचारलं, आई, हे काय? ती म्हणाली, "खालच्या शिवणवालीला बोलाव. मला पत्र लिहायचंय." मी म्हटलं, मी लिहिते की. ती म्हणाली, "तू गाळतेस."

ताई


१४ जानेवारी

ढब्बू आणि थोरली,

मी सांगते तसं शिवणवाली लिहितेय. दोन प्रती करायला सांगितल्यात. एक ढब्बूला जाईल आणि एक थोरलीला. थोरलीलाही पोस्टानंच. मधल्या दारातून द्यायची नाही, कारण घरात दिलं की ती मधूनच बोलायला लागते.

तुम्हा दोघांची पत्रं मला थोरली वाचून दाखवायची. दोन ओळी वाचायची, चार ओळी खायची. तिचा आवाज अडखळला की मला कळायचं, इथे काहीतरी गाळलं. ती कामावर गेली की मी पत्र घेऊन खाली जायची. शिवणवाली काही गाळत नाही. गादीखालचा कागदही मी तिला दाखवला होता. तेव्हा मला सगळं ठाऊक होतं, ढब्बू मला कुठे नेणार आहे तेही आणि थोरली कुठे नेणार आहे तेही. कचेरी एकच, तारखा दोन.

पेन्शनच्या खिडकीवर हिरवा दिवा लागला तेव्हा मला आनंद झाला. घटकाभरच. मग थोरलीचं तोंड बघितलं. हौदावर नग पास झाला की मुकादम असाच हसायचा. घरी येताना मी अंगठा मुठीत धरला, कारण तो आता माझ्याकडून कुणीतरी मागणार होतं.

तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं होतंस. तोंड आहे मला. पण ढब्बूला नाही म्हटलं असतं तर तो जन्मभर म्हणाला असता, आईनं ताईचं ऐकलं. थोरलीला नाही म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, इतकी सेवा केली आणि शेवटी मुलगाच जवळचा. म्हणून मशीनला नाही म्हणायला लावलं. त्यानं दोघांना सारखंच सांगितलं.

ढब्बूनंच लिहिलं होतं, चाळीस टक्क्यांचं कातडी सोडवतं. आता झोंबतं, पाण्याचा पेला धरवत नाही, हातातून सुटतो. ते माझं मी बघेन. महिन्याभरात रेषा परत येतील, मला माहीत आहे. पण पेन्शनचं वर्षभराचं काम झालेलं आहे. पुढच्या डिसेंबरपर्यंत मला अंगठ्याची गरज नाही, आणि डबीत अजून निम्मं मलम आहे. डॉक्टरकडे दाखल्याला नेलंत तर मी डॉक्टरांना खरं ते सांगेन.

ढब्बू, तुझी नोकरी जातेय याचं मला वाईट वाटतं. तू तसं सरळ येऊन सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं ते आता सांगून उपयोग नाही. थोरली, तुला कुलपाची भीती वाटते हे तू मला कधी बोलली नाहीस, रोज एक तास माझा हात तुझ्या हातात असताना.

तुम्ही दोघं माझ्या हातांबद्दल एकमेकांना किती लिहीत होता. शिवणवालीनं सगळी पत्रं परत एकदा वाचून दाखवली, पहिल्यापासून. आलेली फडताळात होतीच, आणि गेलेल्यांची कच्ची पानं थोरली वहीत ठेवते. एक गोष्ट मी मोजत होते. लाल डबी माझ्या टाचांसाठी आली होती. टाचांना माझ्या बोट जाईल एवढ्या भेगा आहेत, फरशीवर रक्त लागतं, जिना उतरताना मी कठडा धरून उतरते. दोन तारखेला ढब्बू खाली उभा राहून मला उतरताना बघत होता. दोन महिन्यांत तुम्ही आठ पत्रं लिहिलीत. ढब्बूनं पहिल्या पत्रानंतर टाचांचं नाव काढलं नाही. थोरलीनं एकदाही त्यांना मलम लावलं नाही.

टाचेचा ठसा कुठे लागत नाही ना.

खाली अंगठा उठवतेय. नुसता काळा डाग दिसेल. तो माझाच आहे.

तुमची आई